पडद्यावरचें दुकान

‘जगांत जर्मनी, भारतांत परभणी’ ही म्हण परभणीकर थट्टेनें सांगतात कीं अभिमानानें, हें परक्या माणसास सहसा कळत नाहीं. परंतु एका बाबतींत या गांवाचें नांव खरोखरच देशभर गेलें आहे, आणि तेंही भेंडीच्या मार्फत. पिवळ्या केवड्याच्या रोगापुढें भेंडीचें पीक हात टेकीत असतां येथील कृषि विद्यापीठांत ‘पुसा सावनी’ ही प्रचलित जात व एक रानभेंडी यांच्या संकरांतून रोगाला सहजासहजीं दाद न देणारें वाण निघालें, आणि १९८० नंतरच्या दशकांत तें ‘परभणी क्रांति’ या नांवानें शेतकऱ्यांच्या हातीं आलें. आज मोबाईलवर हें नांव लिहावें, कीं त्या बियाण्याच्या पुड्या विकणारीं लहानमोठीं दुकानें पडद्यावर ओळीनें उभीं राहतात.

हीं दुकानें जरा निरखून पाहण्यासारखीं आहेत. वाण एकच, परंतु एखाद्या पानावर एक हिरवीगार भेंडी, एक आंकडा आणि ‘खरेदी करा’ असें बटण, एवढाच काय तो मजकूर. पुडींत बियाणें किती ग्रॅम आहे, पेरावें केव्हां, दोन झाडांत अंतर किती ठेवावें, उगवणीची मुदत कोणत्या महिन्यापर्यंत आहे, याचा पत्ता नाहीं. परभणीच्या बाजारांत बियाण्याच्या दुकानीं गेलेला शेतकरी पहिल्यानें हेंच विचारतो, आणि दुकानदार गादीवरून न उठतां त्याला हेंच सांगतो. पडद्यावर दुकानदार नाहीं. त्याच्या जागीं जें पान आहे, त्यालाच बोलावें लागतें. आणि तें मुकें राहिलें, तर गिऱ्हाईक रागावत नाहीं, वाद घालीत नाहीं, नुसतें निघून जातें. तें कां गेलें, हें विक्रेत्याला कधींच कळत नाहीं, आणि या धंद्यांतील खरी अडचण हीच आहे.

हा विषय आतां केवळ व्यापाऱ्यांचा राहिलेला नाहीं. परभणी, सेलू, गंगाखेड, मानवत या गांवांतील शिकलेल्या घरांत एक मुलगा पुण्यास, एक हैदराबादेस, आणि मागें राहिलेल्या मंडळींपैकीं कोणीतरी घरबसल्या कांहीं विकूं पाहत आहे, हें चित्र सर्वांच्या ओळखीचें आहे. दुकान मांडण्यास गाळा लागत नाहीं, पागडी लागत नाहीं. म्हणून बहुतेकांचा समज असा कीं, माल चांगला असला आणि संकेतस्थळ देखणें असलें म्हणजे झालें.

उदाहरणादाखल वसमत रस्त्याच्या बाजूचें एखादें एकत्र कुटुंब कल्पूं. सासूबाईंच्या हातचें येसर, मेतकूट, थालिपिठाची भाजणी आणि कारळाची चटणी सगळ्या आप्तेष्टांत नांवाजलेली. सूनबाई पदवीधर, तिनें हिशेब व बांधणी पत्करली. धाकटे भावोजी संगणक शिकलेले. त्यांनीं महिनाभर खपून संकेतस्थळ तयार केलें. तें उघडतांच समई तेवूं लागते, सनईचे सूर निघतात, मग ‘आमची परंपरा’ या मथळ्याखालीं चार परिच्छेद सरकत येतात, आणि माल सर्वांत शेवटीं. समजा, महिन्याभरांत हजार माणसें तें पान पाहून गेलीं आणि दहांनीं माल मागविला. घरांत निष्कर्ष निघतो कीं, हल्लींच्या लोकांस घरचें नकोच आहे. सासूबाई म्हणतात, ‘मी आधींच सांगत होतें’. आणि सूनबाईचा जो एक स्वतंत्र उद्योग मार्गीं लागावयाचा, तो शिळ्या कढीप्रमाणें बाजूला पडतो.

वास्तविक या हिशेबांत येसराचा कांहींच दोष नाहीं. हजारांतून दहांच्या जागीं पंधरा मागण्या आल्या, तर तें जाहिरातीवर खर्च करून आणखी पांचशें माणसें दुकानांत आणण्याबरोबर झालें. जाहिरातीचा पैसा दर महिन्यास पुन्हां मोजावा लागतो. पान सुधारण्याचे कष्ट बव्हंशीं एकदांच पडतात. लहान दुकानाला पानाच्या मांडणीचें महत्त्व आहे तें याच कारणानें.

पहिली गोष्ट वेळेची. गूगल कंपनीनें २०१६ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणीप्रमाणें, पान उघडण्यास ३ सेकंदांहून अधिक वेळ लागला तर मोबाईलवरील ५३ टक्के भेटी तेथेंच संपतात. आतां आपल्या कल्पित घराचा हिशेब करूं. मोबाईलनें काढलेलें एक छायाचित्र सहज ४ मेगाबाइटचें असतें. अशीं दहा छायाचित्रें पहिल्याच पानावर जशींच्या तशीं लावलीं कीं ४० मेगाबाइट झाले. सेकंदाला ५ मेगाबिट वेगाच्या जोडणीवर तें पान पुरतें उतरावयास ६४ सेकंद लागतील. तींच छायाचित्रें आटोपशीर करून प्रत्येकीं १५० किलोबाइटचीं केलीं, तर सारें काम अडीच सेकंदांच्या आंत होतें, आणि चटणीचा रंग पाहणाऱ्यास कांहीं कमी दिसत नाहीं. समई व सनई यांचा भार निराळाच. देवघरांत त्यांचें स्थान आहे. दुकानाच्या उंबरठ्यावर त्या गिऱ्हाइकाची वाट अडवितात.

म्हणजे दिसण्याला किंमत नाहीं, असें मात्र नव्हे. अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनीं २००२ सालीं अडीच हजारांहून अधिक लोकांस निरनिराळीं संकेतस्थळें दाखवून त्यांच्या विश्वासार्हतेविषयीं मत विचारलें, तेव्हां जवळजवळ निम्म्या अभिप्रायांत बाह्य स्वरूपाचाच उल्लेख होता. मजकूर खरा कीं खोटा हें पारखण्यापूर्वीं माणूस अक्षरांची ठेवण, रंगसंगति आणि टापटीप पाहून आपला कल ठरवितो. आपल्याकडे पाहुण्यांच्या घरची रीतभात चहाच्या पेल्यावरून ओळखतात, तसाच हा प्रकार. परंतु टापटीप निराळी आणि सजावट निराळी. किर्लोस्करांचे लोखंडी नांगर आरंभीं दोन वर्षें खपत नव्हते. लोखंडानें जमीन नासेल अशी शेतकऱ्यांस भीति वाटे. पुढें १९२० सालीं ‘किर्लोस्कर खबर’ काढणारे शंकरराव किर्लोस्कर हे चित्रकलेचे शिक्षण घेतलेले गृहस्थ होते. कारखान्याच्या जाहिरातींसाठीं त्यांनीं आपली कला वापरली ती यंत्र काय काम करतें हें लोकांच्या डोळ्यांपुढें उभें करण्यासाठीं. चित्रानें शंका फेडली पाहिजे, हा धडा आजच्या संकेतस्थळवाल्यांस अजून पुरता उमगलेला दिसत नाहीं.

येसराचेंच पाहा ना. मराठवाड्यांतील लग्नाच्या पंगतींत येसराची आमटी ज्यानें भुरकली आहे, त्याला हा शब्द पुरे. पण पुण्याच्या वा ठाण्याच्या गृहिणीला तो कोडें वाटतो. भाजलेलीं धान्यें, डाळी व मसाले यांचें हें पीठ आहे, चार माणसांच्या आमटीस इतके चमचे लागतें, डब्यांत इतके दिवस टिकतें, अशा तीन ओळी आणि वाफाळत्या आमटीच्या वाटीचें एक छायाचित्र, एवढ्यानें तें कोडें सुटतें. या ओळी चित्रांत कोरून ठेवूं नयेत, अक्षरांतच लिहाव्या. म्हणजे शोधणाऱ्या यंत्रास त्या सहज सांपडतात आणि वृद्ध माणसास मोठ्या करून वाचतां येतात. मराठींत येसर शोधणारें गिऱ्हाईक जसें आहे, तसें तेंच नांव रोमन लिपींत टंकणारेंही आहे. दोघांची सोय पाहावी. पुण्याच्या ‘बुकगंगा’ या मराठी पुस्तकांच्या दुकानानें पडद्यावर पुस्तकाचीं कांहीं पानें चाळून पाहण्याची सोय ठेवली, त्यांतलें मर्म हेंच आहे. दुकानांत गेल्यावर हात जें आपण होऊन करतो, तें पडद्यावर कसें करतां येईल, याचा त्यांत विचार आहे.

पैशाचा प्रश्न याहून नाजूक. टोपलींत माल घालून शेवटच्या पायरीपूर्वीं परत जाणाऱ्या गिऱ्हाइकांचें प्रमाण बेमार्ड या डेन्मार्कमधील संस्थेच्या संकलनाप्रमाणें सरासरीनें शंभरांत सत्तरांच्या घरांत जातें. त्यांत नुसते पाहणारे पुष्कळ, कापडाच्या दुकानांत दहा पातळें उलगडून निघून जाणाऱ्यांसारखे. त्यांचें कांहीं करतां येत नाहीं. परंतु खरेदीची इच्छा असून जे जातात, ते सांगतात त्या कारणांत सर्वांत पुढें असतो शेवटीं वाढलेला खर्च. समजा, येसराची किंमत १८० रुपये वाचून बाई पुढें गेल्या, नांव, पत्ता, दूरध्वनि सर्व लिहिलें, आणि मग कळलें कीं पाठवणीचे ९० रुपये निराळे. रक्कम मोठी नाहीं; पण आपल्याला बोलावून आणून मग सांगितलें, ही भावना उरते. पिनकोड अगोदर विचारून घरपोंच एकंदर रक्कम मालाच्या शेजारींच दाखविली, तर कांहीं लोक तेथूनच परततील हें खरें. जे पुढें येतील ते मात्र टिकतील.

याच पायरीवरची एक गोष्ट या क्षेत्रांत प्रसिद्ध आहे. जेरेड स्पूल या अमेरिकन तज्ज्ञानें २००९ सालीं ती सांगितली; दुकानाचें नांव त्यानें दिलें नाहीं. त्या मोठ्या दुकानांत माल निवडल्यावर पैसे देण्यापूर्वीं ‘नोंदणी करा’ असें बटण येई. चालकांस वाटे, एकदां नोंदणी झाली कीं गिऱ्हाइकाचे पुढचे कष्ट वांचतील. प्रत्यक्ष गिऱ्हाइकांस समोर बसवून पाहिलें, तेव्हां नवें माणूस म्हणे, ‘मला वस्तु हवी आहे, तुमच्याशीं नातें जोडावयाचें नाहीं’. आणि जुन्यास आपला परवलीचा शब्दच आठवत नसे. त्या बटणाच्या जागीं ‘पुढें चला’ असें बटण ठेवून, खरेदीसाठीं खातें उघडण्याची गरज नाहीं, असें एक वाक्य लिहिलें. तर खरेदी पुरी करणारे ४५ टक्क्यांनीं वाढले आणि पहिल्या वर्षांत ३० कोटी डॉलर अधिक आले. परभणीच्या घरगुती दुकानास असे डॉलर मिळणार नाहींत. परंतु मेतकुटाच्या पुडीसाठीं गिऱ्हाइकास जन्मतारीख व नवा परवलीचा शब्द मागणारीं पानें आपल्याकडेही आहेत, आणि तीं कशासाठीं, हें त्यांच्या मालकांसही सांगतां यावयाचें नाहीं.

विश्वासाच्या बाबतींत जुन्या पिढीस व्ही. पी. ची पद्धत आठवत असेल. पोस्टमन पुडकें घेऊन दारीं येई, तेव्हां पैसे मोजावयाचे. ‘माल हातीं आल्यावर पैसे’ हें तिचेंच आजचें रूप. २०१६ पासून यूपीआय आल्यानें पैसे पाठविणें चुटकीसरशीं होऊं लागलें. परंतु अनोळखी माणसास आधीं पैसे पाठवावे कीं नाहीं, ही शंका चुटकीनें जात नाहीं. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० अन्वयें विक्रेत्याचें नांव, पत्ता, संपर्काचें साधन व तक्रार ऐकणारा अधिकारी कोण हें दाखवावें लागतें. नियम नसता तरी शहाणा दुकानदार हें पहिल्यानें लिहिता. ‘आमच्याविषयीं’ या सदरांत परंपरेचे चार परिच्छेद लिहून घराचा पत्ता न देणें म्हणजे लग्नपत्रिकेंत कार्यालयाचें नांव गाळण्यासारखें आहे.

येथें एक मोहही उभा असतो. ‘फक्त दोन नग उरले’, ‘आणखी सात मिनिटांत सवलत संपेल’ असे खोटे घड्याळी दरारे, न मागितलेली वस्तु टोपलींत हळूच सरकविणें, ‘नको’ म्हणणाऱ्यास लाज वाटेल अशी वाक्यें, या युक्त्यांनीं विक्री वाढते असें मोठीं दुकानें दाखवीत आलीं आहेत. केंद्र सरकारनें नोव्हेंबर २०२३ मध्यें अशा तेरा युक्त्यांची यादी करून त्यांस मनाई केली. कायद्याचें असो; ज्या घराचें गिऱ्हाईक मामेबहिणीच्या शेजारणीकडून आलेलें असतें, त्या घरानें असलें घड्याळ लावणें हा मला शुद्ध आत्मघात वाटतो.

मग कल्पित घराच्या सूनबाईनें काय करावें? नव्या कारागिराकडे जाण्यापूर्वीं तिनें एक प्रयोग घरींच करावा, आणि एकत्र कुटुंबास त्यासाठीं पदरची दिडकी पडत नाहीं. जेकब नील्सन या तज्ज्ञानें २००० सालीं असें मांडलें कीं, पांच माणसांस एकामागून एक पान वापरतांना पाहिलें, तर त्यांतील अडचणींपैकीं सुमारें ८५ टक्के उघड होतात. मोठ्या कंपन्या अशीं पांच माणसें पैसे देऊन आणतात. आपल्या घरांत आत्याबाई, मामंजी, बारावीची पुतणी, सुट्टीस आलेल्या वन्सं आणि शेजारच्या काकू, अशीं पांच बसलेलींच असतात. प्रत्येकीं एकट्यानें, घरांतील सर्वांत जुन्या मोबाईलवर, ‘अर्धा किलो येसर नांदेडच्या पत्त्यावर पाठवावयाचें आहे’ एवढेंच सांगून बसवावें. आणि मग, हें फार कठीण आहे, तोंडानें अवाक्षर काढूं नये. भावोजींनीं तर त्या वेळीं बाहेरच जावें; ‘आत्याबाई, तें वरचें बटण दाबा’ असें त्यांच्या तोंडून निघाल्यावांचून राहणार नाहीं, आणि गिऱ्हाइकाच्या घरीं भावोजी नसतात. आत्याबाई कोठें थांबल्या, चष्मा कोठें वर केला, मामंजींनीं ‘मागें’चें बटण किती वेळां दाबलें, पुतणीनें कोणत्या ओळीवर नाक मुरडलें, हें वहींत टिपून घ्यावें.

पहिल्या दिवशींच वही भरेल. तींतील दोन अडचणी दूर कराव्या, महिनाभर मागण्या मोजाव्या, आणि मग पुढच्या दोन घ्याव्या. सर्व एकदम बदललें तर कशानें काय झालें तें कळत नाहीं. हें सर्व जमेपर्यंत स्वतंत्र संकेतस्थळाची घाई नकोच, असें माझें मत आहे. व्हॉट्सॲपवर मालाची यादी, वजनें व किमती नीट मांडतां येतात, आणि तेथें गिऱ्हाइकांनीं विचारलेला प्रत्येक प्रश्न म्हणजे उद्यांच्या पानावरची एक ओळ असते.

आणि भाजणीचें दळण ज्या दिवशीं झालें, ती तारीख पानावर घालून दर खेपेस बदलीत जावी. गेल्या दिवाळीची ‘फराळाच्या मागणीची शेवटची तारीख’ चैत्रांत तशीच लटकत राहिलेली दिसली, कीं पिठाला वास आला असेल अशी शंका डब्याचें झांकण न उघडतांच येते.