शब्दवेड्यांच्या मेळ्यात नवखा माणूस

आपल्याकडे कोणी अनोळखी गृहस्थ बैठकीत येऊन बसला, की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "आपण मूळचे कुठले?" मग आडनाव, नोकरी, कोणाच्या ओळखीने येणे झाले, अशी चौकशी होते आणि दहा मिनिटांत त्या माणसाला कोठे बसवावयाचे हे आपण मनाशी ठरवून टाकतो. या चौकशीत वाईट काही नाही. बहुधा ती आपुलकीनेच केलेली असते. परंतु ज्या मंडळींना एकाच गोष्टीचे वेड लागलेले असते, त्यांच्यात ही रीत फारशी कामास येत नाही. गवयांच्या बैठकीत नवख्याची खरी ओळख त्याने षड्ज लावल्यावरच होते. शब्दांचे वेड असलेल्या मंडळींत ती कशी होते, आणि त्या ओळखीतून मैत्री कशी जुळते, हे आम्ही येथे एका उदाहरणावरून सांगणार आहोत. उदाहरण इंग्लंडचे आहे. पण त्याचा एक धागा काशीपर्यंत आणि तेथून आपल्या पुण्यापर्यंत येऊन पोहोचतो.

इंग्रजी भाषेचा समग्र कोश व्हावा, प्रत्येक शब्द प्रथम केव्हा वापरात आला आणि त्याचा अर्थ कसकसा बदलत गेला हे ग्रंथांतील वाक्यांच्या आधाराने दाखवावे, असा विचार लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीत १८५७ साली निघाला. काम सुरू झाले, वाचकांनी चिठ्ठ्या धाडल्या, आणि मग सारे थंडावले. १८७९ साली जेम्स मरे यांच्याकडे संपादकत्व आले तेव्हा त्यांच्या दारात सुमारे दोन टन चिठ्ठ्या येऊन पडल्या. एका पोत्यात मेलेला उंदीर होता, तर दुसऱ्यात एका उंदरिणीने पिलांसह बिऱ्हाड थाटले होते! 'एच्' या अक्षराच्या चिठ्ठ्या इटलीत फ्लॉरेन्सला सापडल्या. 'पीए' पासून सुरू होणाऱ्या शब्दांच्या चिठ्ठ्या आयर्लंडातल्या एका तबेल्यात मिळाल्या, आणि त्यांतल्या पुष्कळशा तोपर्यंत विस्तव पेटवण्यात खर्ची पडल्या होत्या.

मरे यांनी त्याच वर्षी एक जाहीर विनंतिपत्रक काढले. इंग्रजी बोलणाऱ्या व वाचणाऱ्या सर्वांना, मग ते ब्रिटनमध्ये असोत, अमेरिकेत असोत वा वसाहतींत, त्यांनी हाक घातली : तीन वर्षे आमच्यासाठी ग्रंथ वाचतील असे एक हजार वाचक हवेत. पत्रकाच्या दोन हजार प्रती छापून वाटण्यात आल्या. त्या पत्रकात पदवीची अट नव्हती, शिफारस मागितलेली नव्हती, मोबदल्याचे आमिषही नव्हते. ज्याला यावयाचे असेल त्याने एक चिठ्ठी घेऊन यावे, एवढेच.

या चिठ्ठीचे स्वरूप समजून घेतले पाहिजे, कारण तीच नवख्याची ओळखपत्रिका होती. साध्या पत्राच्या अर्ध्या तावाएवढा कागद. वर डाव्या कोपऱ्यात शब्द. त्याखाली साल, ग्रंथकार, ग्रंथाचे नाव, पृष्ठांक. आणि त्याखाली ज्या वाक्यात तो शब्द आला ते वाक्य, जसेच्या तसे. लिहिणारा उमराव आहे की शाळामास्तर, पुरुष आहे की स्त्री, हे चिठ्ठीवरून कळण्याचे कारण नव्हते. कळत होते ते एवढेच, की हा माणूस लक्षपूर्वक वाचतो की नाही, आणि उतरवून घेताना काना-मात्रा सांभाळतो की नाही. संपादकाला तेवढे पुरेसे होते.

मरे यांना या गोष्टीचे मोल स्वानुभवाने ठाऊक होते. ते स्कॉटलंडमधील डेनहोम गावच्या एका शिंप्याचे चिरंजीव. जन्म १८३७ चा, आणि चौदाव्या वर्षी शाळा सुटलेली. पुढे लंडनमध्ये चार्टर्ड बँक ऑफ इंडियात कारकुनी करीत असताना १८६६ साली त्यांनी ब्रिटिश म्युझियममध्ये जागेसाठी अर्ज केला. आपल्याला कोणकोणत्या भाषा येतात याची लांबलचक यादीच त्यांनी त्यात दिली होती. तीत युरोपातल्या बहुतेक भाषा होत्या, हिब्रू-अरबी होत्या, तुलनेपुरते संस्कृतही होते. अर्जाचा उपयोग झाला नाही. पण दोनच वर्षांनी ते फिलॉलॉजिकल सोसायटीत आले, दक्षिण स्कॉटलंडच्या आपल्या बोलीविषयी निबंध वाचू लागले, आणि त्यांचा त्या विषयावरचा ग्रंथ १८७३ साली प्रसिद्ध झाला. भाषांच्या भल्यामोठ्या यादीने जे साधले नाही, ते स्वतःच्या गावच्या बोलीने साधले.

नवख्याच्या हातून होणारी एक चूक मरे यांच्या लवकरच ध्यानात आली. मेळ्यात नव्याने आलेल्या माणसाला वाटते, की आपण काहीतरी अपूर्व आणले पाहिजे. म्हणून वाचक मंडळी दुर्मिळ, विचित्र शब्द हुडकून काढीत आणि रोजच्या शब्दांकडे पाहतही नसत. 'अब्यूजन' या लोपलेल्या शब्दाची सुमारे पन्नास अवतरणे जमली होती. 'अब्यूज' या नित्याच्या शब्दाची पाचदेखील नव्हती! तेव्हा मरे यांना सांगावे लागले, की साधे शब्दही आम्हांला तितकेच हवे आहेत. आम्हांला वाटते, हा उपदेश कोशापुरता नाही. नव्या मंडळीत गेल्यावर दिपवून टाकण्याची घाई करणारा माणूस लोकांच्या लक्षात राहतो. पण त्यांच्या उपयोगी पडतो तो नेहमीची गोष्ट नीट घेऊन येणारा.

आता काशीचा धागा. फिट्झएडवर्ड हॉल हे अमेरिकन गृहस्थ १८४६ साली कलकत्त्याकडे येत असताना त्यांचे जहाज फुटले, आणि ते या देशातच राहिले. काशीच्या सरकारी संस्कृत पाठशाळेत ते अध्यापक झाले. तेथे पुण्यात जन्मलेले ज्योतिषी व गणिती बापूदेवशास्त्री होते. या दोघांच्या सहकार्याने सूर्यसिद्धान्ताची रंगनाथाच्या टीकेसह छापलेली आवृत्ती १८५९ साली कलकत्त्यास निघाली. अटलांटिकपलीकडचा नवखा आणि मराठी शास्त्री यांची ओळख एका पोथीवर झाली, ही गोष्ट आपल्या श्रोत्यांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

हॉल पुढे लंडनला संस्कृतचे प्राध्यापक झाले. १८६९ साली विद्वानांशी त्यांचा मोठा तंटा झाला. नोकरी गेली, फिलॉलॉजिकल सोसायटीतले स्थान गेले, संसारही विसकटला. सफक परगण्यातील एका खेड्यात ते एकाकी राहू लागले. ज्या सोसायटीने त्यांना दूर केले तिच्याच कोशासाठी मरे यांनी त्यांचे साहाय्य मागितले, आणि हॉल यांनी ते दिले. वीस वर्षे, रोज सुमारे चार तास, ते मुद्रिते तपासून आपल्या वाचनातील अवतरणांची भर घालीत राहिले. १९०१ साली ते वारले. इतक्या काळात त्यांची आणि मरे यांची एकदाही भेट झाली नाही. माणसांवर रागावलेला माणूस शब्दांच्या निमित्ताने दररोज एका माणसाशी बोलत राहिला, एवढे मात्र झाले.

दुसरी कथा अधिक करुण आहे. विल्यम मायनर हे अमेरिकन लष्करातील शल्यवैद्य. जन्म सिंहलद्वीपात, १८३४ साली. पुढे त्यांना बुद्धिभ्रम झाला. कोणीतरी आपल्या पाठीवर आहे असा भास होई. त्याच भरात १८७२ च्या फेब्रुवारीत लंडनच्या लॅम्बेथ भागात त्यांनी जॉर्ज मेरेट नावाच्या निरपराध मजुराला गोळी घालून ठार केले. मेरेट मुलाबाळांचा बाप होता, हे पुढचे वाचताना विसरू नये. न्यायालयाने मायनर यांना वेडाच्या कारणावरून ब्रॉडमूरच्या इस्पितळात ठेवले. तेथे मरे यांचे पत्रक त्यांच्या हाती पडले.

मायनर यांनी आपली ओळख करून देताना फारसे काही सांगितले नाही. त्यांनी चिठ्ठ्या धाडल्या. जुने ग्रंथ वाचून ते प्रथम शब्दांच्या सूची तयार करीत, मग कोशाच्या कचेरीत सध्या कोणत्या शब्दावर काम चालले आहे ते विचारून नेमकी त्याचीच अवतरणे पाठवीत. गेल्या चार शतकांतील इंग्रजी एकट्या मायनर यांच्या चिठ्ठ्यांवरून दाखवता येईल, अशा आशयाचा गौरव मरे यांनी केला आहे. पुष्कळ दिवस मरे यांची समजूत अशी, की हे कोणी सवड असलेले, वाचनाची आवड असलेले डॉक्टर असावेत. अमेरिकेहून आलेल्या एका ग्रंथपालाकडून खरी हकीकत कळली, आणि १८९१ च्या जानेवारीत मरे त्यांना जाऊन भेटले. मोठ्या वाड्यात शिरून "आपणच डॉक्टर मायनर ना?" असे विचारल्यावर उलगडा झाल्याची जी नाट्यमय गोष्ट १९१५ साली एका मासिकाने पसरवली, ती खरी नव्हे.

पण खरी हकीकत आम्हांला अधिक मोलाची वाटते. मरे अजाणता गेले नाहीत. सर्व जाणून गेले. आणि एकदा जाऊन थांबले नाहीत, पुढे वर्षानुवर्षे जात राहिले. १९१० साली मायनर यांना अमेरिकेस परत पाठवण्याचा हुकूम झाला, तेव्हा निरोप द्यावयास मरे पतिपत्नी गेली होती. या मैत्रीने मायनर यांचे वेड बरे झाले नाही, मेरेटच्या घरचे दुःखही भरून आले नाही. तरी भिंतींच्या आतल्या त्या माणसाला कोणीतरी त्याच्या अपराधाखेरीज दुसऱ्या गोष्टीनेही ओळखले.

मरे यांच्या घरासमोर टपालखात्याने खास पेटी उभारली होती, आणि "श्री. मरे, ऑक्सफर्ड" एवढ्या पत्त्यावर पत्रे पोहोचत. त्यांनी ठेवलेल्या पत्त्यांच्या वह्या आमच्या काळात, २०१४ साली, ऑक्सफर्डच्या दप्तरखान्यात हाती लागल्या. त्यांवरून साहाय्यकांची संख्या सुमारे तीन हजार भरते. काही नावांपुढे निरुपयोगी अशा अर्थाचे शेरेही आहेत. म्हणजे दार सर्वांना उघडे होते, पण आत आल्यावर काम पाहिले जाई. मरे १९१५ साली वारले आणि कोश १९२८ साली पुरा झाला. बहुतेकांनी एकमेकांचे तोंडही पाहिले नव्हते, तरी एकाच ग्रंथात ते शेजारी शेजारी बसले आहेत.

आपल्याकडेही १८१८ साली सोलापुरास मोल्सवर्थ नावाचा तरुण लष्करी अधिकारी मराठी शब्द टिपू लागला. पुढे शास्त्रीमंडळींच्या साहाय्याने त्याचा कोश १८३१ साली निघाला. दाते आणि कर्वे यांनी १९३२ पासून महाराष्ट्र शब्दकोशाचे खंड काढले. परंतु शब्द गोळा करण्याचे काम पुरे झाले असे कधीच होत नाही. मोट गेली, तिच्याबरोबर बैलांची 'धाव' आणि पाणी ओतले जाई ते 'थारोळे' हे शब्दही शेतावरून चालले. या सभागृहात मागच्या रांगेत, कोणाचीही ओळख नसलेला, असा एखादा गृहस्थ बसला असेल, की ज्याने लहानपणी मोटेच्या नाड्यावर बसून आपल्या गावचे असे वीस शब्द ऐकले आहेत. व्याख्यान संपल्यावर त्याला गाव आणि आडनाव अवश्य विचारावे, पण तेवढ्यावर न थांबता, "तुमच्याकडे याला काय म्हणतात हो?" असेही विचारावे. तो उत्तर देऊ लागला, की त्याला आपल्या शेजारी जागा करून द्यावी.