झाकण ठेवायला विसरली

उत्तर आयर्लंडमधलं लॉख नेय हे सरोवर 392 चौरस किलोमीटरचं. ब्रिटन आणि आयर्लंड मिळून याहून मोठं सरोवर नाही. त्यात पाणी सुमारे साडेतीन लाख कोटी लिटर! दर सेकंदाला दहा लिटरची एक बादली रात्रंदिवस उपसत राहिलं, तरी ते संपायला अकरा हजार वर्षं लागतील. आणि हे सगळं म्हणे एका विहिरीतून आलं, कारण तिची राखण करणारी बाई झाकण ठेवायला विसरली. सन 1100च्या आसपासच्या एका आयरिश हस्तलिखितात ही गोष्ट आहे. तिथला राजा बुडाला, त्याची मुलगी लीबन अर्धी मासळी होऊन 300 वर्षं पाण्यात हिंडत राहिली.

आयर्लंडमधल्याच बॉइन नदीचा जन्मही असाच. बोअन देवी निषिद्ध विहिरीभोवती उलट्या दिशेने फिरली. पाणी उसळलं आणि तिच्या मागे धावत थेट समुद्रापर्यंत गेलं: 112 किलोमीटर. कारण तिथल्या रिवाजात पवित्र विहिरीला फेऱ्या घालायच्या त्या सूर्याच्या दिशेने, आपल्या प्रदक्षिणेसारख्याच. मोजायला हातात खडे. उलटी फेरी घालायची ती कुणाला शाप द्यायचा असेल तर.

प्रत्यक्षात अशी विहीर म्हणजे बहुतेकदा दगडांनी बांधून घेतलेला लहानसा झरा. अशा पवित्र विहिरी आयर्लंडमध्ये सुमारे 3,000 धरतात. रोज एक पाहिली तरी आठ वर्षं सहज जातील. 1704च्या कायद्याने तिथे यात्रेला जमणाऱ्याला दहा शिलिंग दंड ठेवला होता, दारू-खाणं विकणाऱ्याला वीस, आणि दंड न भरल्यास चाबूक. तरी एवढ्या टिकल्या.

मला खरा चक्रावून टाकतो तो कागदाचा आकडा. 1937 ते 1939 या काळात आयरिश लोकसाहित्य आयोगाने सुमारे 5,000 शाळांतल्या 50,000 मुलांना घरच्या-शेजारच्या म्हाताऱ्यांकडे पाठवलं. जुनं ते विचारा, वहीत उतरवा. पवित्र विहिरी हा त्यातला एक ठरलेला विषय. सगळ्या विषयांची मिळून पानं जमली 7,40,000. रोज शंभर वाचली तर वीस वर्षांचं काम.

विहिरींबद्दलच्या समजुतीही एकाहून एक. या पाण्याला उकळी फुटत नाही. त्यात कपडे धुतले, तर विहीर रुसून जागाच बदलते. तळातला मासा दिसला, तर दुखणं बरं होणार. शेजारच्या झाडाला चिंधी बांधायची. ती कुजेल तसतसा आजार ओसरतो. हल्ली कुणी नायलॉनची बांधत असेल, तर त्याचं कठीणच आहे.