वाघ्याच्या नाकाखालचे ऋतू

चंद्रपूर शहराची आखणी एका कुत्र्याने केली, असे इथली दंतकथा सांगते. गोंड राजा खांडक्या बल्लाळशहा बल्लारपुराहून शिकारीला निघाला, तेव्हा त्याला झरपट नदीच्या परिसरात एक अजब दृश्य दिसले. कपाळावर पांढरा ठिपका असलेला ससा चक्क राजाच्या कुत्र्याच्या मागे लागला होता. बऱ्याच धावपळीनंतर कुत्रा उलटला आणि त्याने सशाला मारले. राणीने सल्ला दिला की ही जोडी ज्या वाटेने धावली, त्याच वाटेवर कोट बांधा. पंधराव्या शतकातल्या या गोष्टीवर कितपत विश्वास ठेवायचा ते ज्याचे त्याने ठरवावे. परकोट मात्र खराखुरा आहे, जटपुरा, पठाणपुरा, बिनबा आणि अंचलेश्वर या चार दरवाजांसकट. २०१७ पासून इको-प्रो संस्थेच्या कार्यकर्त्यांनी श्रमदान करून त्याच्यावरची झाडेझुडपे काढली, तेव्हा कित्येक चंद्रपूरकरांना तो नव्याने दिसला.

आमचा वाघ्या याच परकोटाच्या कडेने रोज मला फिरवतो. (वाघांच्या जिल्ह्यात कुत्र्याचे नाव वाघ्या ठेवणे हा विनोद आहे, हे मान्य.) माणूस ऋतू वर बघून ओळखतो. पळस पेटला, बहावा पिवळा झाला, ढग आले. कुत्र्याचे पंचांग जमिनीपासून वीतभर उंचीवर असते. आपल्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी साधारण पन्नास-साठ लाख असतात. कुत्र्याच्या नाकात, जातीप्रमाणे, दहा ते तीस कोटी. शिवाय त्याच्या नाकपुडीला बाजूला चीर असते. हुंगताना बाहेर सोडलेली हवा त्या चिरेतून मागे निघून जाते, त्यामुळे समोरचा वास उधळला जात नाही. म्हणून तो एकाच गवताच्या बुंध्याशी इतका वेळ थांबतो. आपण दोरी ओढतो आणि बातमी अर्धी राहते.

होळीच्या सुमारास शहराजवळच्या जुनोन्याच्या बाजूला गेलो की वाघ्या मोहाखालून हलत नाही. कारण रसाळ आहे. मार्च-एप्रिलात जवळजवळ निष्पर्ण झालेल्या फांद्यांवर मोह रात्री फुलतो. गोड गराच्या ओढीने वटवाघळे येतात आणि खाता खाता परागीभवन करून जातात. पहाटे फुलाचा तो गोड, मांसल भाग गळून खाली सडा पडतो आणि फळ धरणारा भाग वर देठावरच राहतो. म्हणजे झाड आपले काम झाल्यावर मेजवानी वाटते! ती खायला अस्वल येते, चितळ येते आणि टोपल्या घेऊन माणसेही येतात. वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतात, त्यातून कधी वणवा लागतो. पहाटेच्या अंधारात वाकून फुले वेचणाऱ्यांवर वाघाने झडप घातल्याच्या बातम्या दर वर्षी याच दिवसांत येतात. कुत्र्याला ही फुले पोटभर खाऊ देऊ नयेत. साखर भरपूर असते आणि ती पटकन आंबतात.

मे महिन्याबद्दल फार लिहीत नाही. पारा ४७ अंशांच्या आसपास गेला की डांबर साठीच्या पुढे तापते. कुत्र्याला घाम जवळजवळ फक्त तळव्यांना येतो, बाकी सगळी भिस्त जीभ बाहेर काढून धापा टाकण्यावर. हाताची उलटी बाजू रस्त्यावर सात-आठ सेकंद ठेववत नसेल, तर कुत्र्याला घरीच ठेवावे.

मग मृग लागतो आणि जमिनीच्या पोटातले सगळे एकदम वर येते. पहिल्या सरीच्या वासाचा अभ्यास दोन ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये मांडला. कोरड्या दिवसांत वनस्पतींची तेले माती-दगडात मुरतात, ती पावसाने सुटतात. त्यात मातीतले स्ट्रेप्टोमायसिस जिवाणू जिओस्मिन नावाचे रसायन मिसळतात. त्याचा अगदी सूक्ष्म अंश असला तरी माणसाचे नाक ते ओळखते. मग वाघ्याचे काय होत असेल? हा वास वर कसा येतो, हे २०१५ मध्ये अमेरिकेतील एमआयटीत वेगवान कॅमेऱ्यांनी टिपले. थेंब सच्छिद्र मातीवर आदळतो, त्याखाली हवेचे बुडबुडे अडकतात, ते वर येऊन फुटतात आणि गंधाचे तुषार उडतात. जोराच्या पावसापेक्षा हलक्या-मध्यम सरीत हे जास्त घडते. जिवाणू एवढा खटाटोप का करतात? २०२० च्या एका संशोधनाने उत्तर दिले की या वासाला भुलून मातीतले इवलेसे स्प्रिंगटेल किडे येतात आणि जिवाणूंचे बीजाणू अंगावर घेऊन दूर पसरवतात. ज्या सुगंधावर आपण कविता करतो, ते खरे तर किड्यांना दिलेले आमंत्रण आहे.

त्याच दिवसांत मृगाचा किडा निघतो. तो खरे तर किडा नव्हेच. आठ पायांचा कोळ्याचा नातेवाईक, वर्षाचा बहुतेक काळ जमिनीखाली. त्याचा लाल मखमली रंग ‘मी बेचव आहे’ असे सांगतो. वाघ्या त्याला हुंगून पुढे जातो. संध्याकाळी वारुळांतून पंखवाली वाळवी उसळते, अनेक वारुळांतून एकाच वेळी. ते पंख गळून रस्त्याला चिकटतात, आणि पुढे पावसाळ्यात त्याच वारुळांवर सात्या उगवतात. ही अळिंबी वाळवीची शेती आहे. वाळवी जमिनीखाली चघळलेल्या पाल्या-लाकडावर बुरशी वाढवते, तिच्यावर जगते, आणि पाऊस पुरेसा मुरला की ती बुरशी छत्री घेऊन वर येते. माणसाला तिची लागवड अजून नीट जमलेली नाही, म्हणून बाजारात सात्यांचा भाव मटणाशी स्पर्धा करतो. गडचिरोलीकडे याच सुमारास वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, विकायला येतात आणि रस्त्याकडेला तरोटा माजतो. त्याची पाने रात्री मिटतात. पहाटे निघालात तर ती उघडताना दिसतील.

गवत वाढले की मात्र फिरण्याचे नियम बदलतात. बिबट्याला कुत्रा फार आवडतो, खाण्यासाठी. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यात बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, वजनाच्या हिशेबाने बिबट्याच्या आहाराचा ३९ टक्के भाग पाळीव-भटक्या कुत्र्यांचा निघाला. चंद्रपूरजवळ बिबट्यांच्या सावटात राहणाऱ्या दुर्गापूर, ऊर्जानगरच्या लोकांना हे आकडे सांगायची गरज नाही. अंधारात जाऊ नये, दोरी आखूड धरावी, आणि कुत्रा अंग आखडून मागे सरकू लागला तर त्याचे ऐकून परत फिरावे.

पावसाळा सरताना सागाची पाने अळ्यांनी खाऊन जाळीदार झालेली असतात. नुसत्या शिरा उरतात. थंडीत गार हवा खाली बसते आणि तिच्यासोबत गंधही. वाघ्याचे नाक मग जमिनीला चिकटते. पण २,९२० मेगावॉटचे औष्णिक वीज केंद्र आणि कोळसा खाणी असलेल्या गावात धूरही तसाच खाली बसतो. चंद्रपूरच्या हिवाळ्याच्या वासात कोळसा आहेच.

ऋतूंच्या अशा खुणा लिहून ठेवण्यासारख्या असतात. जपानमध्ये क्योटोच्या चेरीच्या बहराच्या तारखा सुमारे बाराशे वर्षांपासून नोंदलेल्या सापडतात. त्यावरूनच कळले की २०२१ चा बहर त्या साऱ्या नोंदींत सर्वांत लवकर आलेल्या बहरांपैकी एक होता. आपण निदान एका वर्षापासून सुरुवात करू. पहिले मोहफूल, पहिला मृगाचा किडा, बाजारातल्या पहिल्या सात्या यांच्या तारखा घरच्या कालनिर्णयवर लिहून ठेवा, आणि झाडांच्या नोंदी ‘सीझनवॉच’ या देशव्यापी उपक्रमाला पाठवा.