रशिया पाहायचा तर तिसऱ्या वर्गाने

डिसेंबर २०२५ मध्ये रशियाचे अध्यक्ष पुतिन दिल्लीला येऊन गेले आणि रशियन पर्यटकांसाठी तीस दिवसांचा मोफत ई-व्हिसा जाहीर झाला. आपल्याला त्यांचा ई-व्हिसा ऑगस्ट २०२३ पासूनच मिळतो. तरी आपल्या बहुतेक सहलींचा रशिया मॉस्को आणि सेंट पीटर्सबर्ग या दोन शहरांतच आटोपतो. क्रेमलिन, मेट्रो, हर्मिटाज, की लगेच विमानतळ. एवढ्या अवाढव्य देशावर हा अन्याय आहे.

खरा रशिया भेटतो तो 'प्लात्सकार्त'मध्ये, म्हणजे रेल्वेच्या तिसऱ्या वर्गात. डब्यात ५४ बर्थ, कप्प्यांना दारं नाहीत. आपल्या स्लीपर कोचचा सख्खा भाऊच, साइड लोअरसकट. मॉस्को ते व्लादिवोस्तोक ९,२८८ किलोमीटर, जवळपास सात दिवस. गाडी सुटली की माणसं घरचे कपडे आणि सपाता चढवून मोकळी होतात. डब्याच्या टोकाला उकळत्या पाण्याची टाकी असते, त्यावर सगळ्यांचा चहा चालतो. डब्याची कारभारीण 'प्रोवोदनित्सा' मागाल तेव्हा धातूच्या नक्षीदार कडीत बसवलेला काचेचा पेला देते. उकडलेली अंडी, काकड्या, काळा पाव खिडकीशी मांडला जातो आणि समोरची आजी काही न विचारता तुमच्यापुढे सरकवते. तेव्हा आपल्याही पिशवीत चिवडा-लाडू असावेत. रिकाम्या हाताने खाणं बरं दिसत नाही.

साडेपाच हजारांहून जास्त किलोमीटर गेल्यावर बुर्यातिया प्रजासत्ताकाची राजधानी उलान-उदे येते. इथे उतराच. दक्षिणेला पन्नासेक किलोमीटरवर तार्बागाताय हे 'सेमेय्स्किये' लोकांचं गाव आहे. सतराव्या शतकात रशियन चर्चचा प्रमुख, पॅट्रिआर्क निकोनने चर्चचे विधी बदलले, क्रूसाची खूण दोनऐवजी तीन बोटांनी करायला लावली. या लोकांच्या पूर्वजांनी ते मानलं नाही, म्हणून त्यांचा छळ झाला, कित्येक पोलंडकडे पळाले. पुढे सम्राज्ञी कॅथरीनच्या काळात तिथून त्यांना कुटुंबंच्या कुटुंबं उचलून बैकल सरोवरापलीकडे धाडलं. त्यांची लाकडी घरं आतूनबाहेरून रंगवलेली असतात, बायकांच्या गळ्यात अंबरच्या टपोऱ्या मण्यांच्या माळा. अनेक सुरांत गुंफलेल्या समूहगानासह त्यांची मौखिक परंपरा युनेस्कोने २००१ मध्ये मानवजातीचा वारसा म्हणून गौरवली. पाहुण्यांसाठी जेवण आणि गाण्याचा कार्यक्रम ठेवतात. कार्यक्रम ठरवून केलेला असला तरी गळा खरा असतो. शक्यतो मोठ्या गटाबरोबर न जाता दोघं-तिघं जा, म्हणजे गाणं संपल्यावर गप्पा होतील.

याच बुर्यातियातून युक्रेन युद्धात मेलेल्यांचं प्रमाण लोकसंख्येच्या मानाने रशियात सर्वाधिकांपैकी आहे. ज्या घरात तुम्हाला चहा मिळेल, तिथला मुलगा कदाचित परत आलेला नसेल. युद्धाबद्दल त्यांचं मत काढू नका. सैन्याची 'बदनामी' हा तिथे २०२२ पासून कायद्याने गुन्हा आहे आणि तुम्ही निघून आल्यावर भोगायचं त्यांना असतं. ते आपणहून बोलले तर ऐकावं आणि ते आपल्यापाशीच ठेवावं.

जाण्याआधी परराष्ट्र मंत्रालयाच्या सूचना वाचा. युक्रेन सीमेकडच्या प्रांतांत पाऊल टाकू नका. नोकरीच्या आमिषाने नेलेली भारतीय मुलं थेट आघाडीवर पोचली आहेत, म्हणून कुणी काम देऊ केलं तर साफ नकार द्या. ई-व्हिसा ठरावीक सीमानाक्यांवरच चालतो. आपली व्हिसा-मास्टरकार्ड कार्डं तिथे चालत नाहीत, रोख रक्कम न्या. मोबाइल इंटरनेट अधूनमधून बंद असतं, तेव्हा भाषांतराच्या ॲपवर विसंबू नका. रशियन लिपीत अक्षरं तेहतीसच आहेत. निघण्याआधी ती शिकून घ्या आणि तिकीट प्लात्सकार्तचंच काढा.