धूर गेला, अग्नी गेला का?

मंडळी, मागच्या व्याख्यानात आपण अनुमानाविषयी बोललो. धूर दिसला की अग्नी आहे असं म्हणता येतं. पण धूर नाही म्हणून अग्नीही नाही, असं म्हणता येत नाही. नैयायिकांचा दाखला आहे तापलेल्या लोखंडी गोळ्याचा. त्यात अग्नी आहे, धूर नाही. आज हाच दाखला हाती धरून टायफॉइडकडे पाहू. आपल्या नगरकडची जुनी माणसं त्याला मुदतीचा ताप म्हणतात.

हा ताप साल्मोनेला टायफी या जंतूमुळे येतो. (अंडी-चिकनमधून जुलाब लावणारे साल्मोनेला त्याचेच भाऊबंद, ते बहुधा आतड्यातच धुमाकूळ घालून चार-सहा दिवसांत शमतात.) टायफी मात्र फक्त माणसातच राहतो. रोग्याच्या विष्ठेतून पाण्यात, पाण्यातून दुसऱ्याच्या पोटात. पाथर्डी-पारनेरकडे उन्हाळ्यात टँकरचं पाणी किती हंड्यांतून, किती हातांतून जातं, ते आठवा.

जठरातल्या आम्लातून वाचलेले जंतू लहान आतड्याच्या अस्तरातून आत शिरतात. शरीराच्या रखवालदार पेशी त्यांना गिळतात. खरी गोम इथेच आहे. गिळला म्हणजे संपला, असं नाही. हा जंतू रखवालदाराच्याच पोटात वाढतो आणि त्याच्याच पाठीवर बसून यकृत, प्लीहा, अस्थिमज्जेपर्यंत पोचतो. एक-दोन आठवडे माणसाला पत्ताही नसतो. मग जंतू रक्तात उतरतात, ताप चढत जातो. उपचार नसले तर तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास आतड्याला भोक पडण्याची भीती.

औषधाने ताप काही दिवसांत उतरतो. आमच्याही घरात एकदा ‘उतरला की, आता कशाला गोळ्या?’ म्हणून पुडी फडताळात गेली. पंधरा दिवसांनी ताप परत आला.

काहींच्या बाबतीत तर जंतू पित्ताशयात ठाण मांडतो. शंभरातले साधारण दोन ते पाच रुग्ण असे वाहक होतात. न्यूयॉर्कची स्वयंपाकीण मेरी मॅलन स्वतः ठणठणीत होती, पण तिच्या हातचं खाऊन माणसं आजारी पडत. तिला सव्वीसेक वर्षं सक्तीने वेगळं ठेवलं. दोष कुणाचा, हा प्रश्न आम्हांला अजून सुटलेला नाही.

2018 साली नवी मुंबई महापालिकेने नऊ महिने ते चौदा वर्षांच्या मुलांना नवी टायफॉइड लस दिली. सार्वजनिक मोहिमेतून ती देण्याची जगातली ही पहिलीच वेळ. पण लस पुढच्यांना वाचवते. आज पित्ताशयात दडलेला गोळा ओळखायचा तर विष्ठा तपासावी लागते, तीही एकदा नव्हे. जंतू रोज बाहेर पडतोच असं नाही.