ऑनलाइन दुकानाचे सॉफ्टवेअर स्वतःचे करून घ्यावे काय?



ऊस विकासाच्या पानावर दुकानाच्या सॉफ्टवेअरचा विषय कशाला, असे काही जण म्हणतील. पण अलीकडे गट ऑफिसात बेण्याच्या आणि खताच्या चौकशीबरोबर ही चौकशीही येऊ लागली आहे. सभासदांची मुले, महिला बचत गट, शेतकरी उत्पादक कंपन्या गूळ, काकवी, हळद, बेदाणा पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकाला थेट विकू पाहतात. मग कोणी तरी कोटेशन घेऊन येतो, ‘तुमच्यासाठी खास सॉफ्टवेअर करून देतो’ म्हणतो. आकडा लाखात असतो, आणि पैसा दहा-वीस घरांचा असतो. सही करण्याआधी त्या पैशात नेमके काय मिळते ते समजून घ्यावे, म्हणून आम्ही हे लिहीत आहोत.

गिऱ्हाइकाला मोबाईलवर दिसते ती दुकानाची पाटी. फोटो, भाव आणि खरेदीचे बटण. हा भाग सोपा, आणि कोटेशनवाला नेमका तोच दाखवतो. खरे काम मागे, साठ्याच्या वहीत असते. आपला तोडणी प्रोग्रॅमच बघा. कारखान्याचे दिवसाचे गाळप जेवढे, त्या हिशेबानेच तोडीच्या चिठ्ठ्या द्याव्या लागतात. जास्त गेल्या की यार्डात गाड्या तुंबतात, ऊस वाळतो, वजन जाते, उतारा घसरतो. ऑनलाइन दुकानातही तेच. गुळाची शेवटची एक ढेप शिल्लक आहे आणि नाशिकचे एक व ठाण्याचे एक गिऱ्हाईक एकाच मिनिटाला पैसे भरते आहे. म्हणून पैसे भरायला सुरुवात झाली की ती ढेप त्या नावावर काही मिनिटे राखून ठेवायची, आणि पैसे आले नाहीत तर मोकळी करायची, अशी सोय यंत्रणेत लागते. कोटेशनमध्ये ही ओळ आहे का, ते आधी पाहा.

पैशाचेही असेच आहे. यूपीआयने रक्कम खात्यातून गेली आणि मधेच रेंज गेली, तर गिऱ्हाईक म्हणते पैसे गेले, दुकान म्हणते आले नाहीत. चांगल्या यंत्रणेत पैसे जमा झाल्याचा निरोप पेमेंट कंपनीकडून थेट दुकानाला येतो. गिऱ्हाइकाच्या मोबाईलवर भिस्त नसते. हा निरोप कधी दोनदाही येतो. तेव्हा ऑर्डर नंबर पाहून तो एकदाच धरायचा, एका काटापावतीचे बिल दोनदा निघू नये तसे. आणि कोणी ‘गिऱ्हाइकाचा कार्ड नंबर आपल्याकडे साठवून ठेवू’ म्हणाला, तर त्याला तिथेच थांबवा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदाराला तसे करता येत नाही.

स्वतःचे सॉफ्टवेअर असले म्हणजे सगळे सुरळीत, असेही नाही. बेंगळुरूची फ्लिपकार्ट २००७ मध्ये पुस्तके विकत सुरू झाली. यंत्रणा स्वतःची, पदरी इंजिनियर. तरी ६ ऑक्टोबर २०१४ च्या मोठ्या सेलमध्ये गर्दीने वेबसाइट अडखळली, माल संपून ऑर्डरी रद्द झाल्या, आणि दुसऱ्या दिवशी संस्थापकांना गिऱ्हाइकांची जाहीर माफी मागावी लागली.

उलट बाजूचे उदाहरण कॅनडाचे. ओटावा शहरात टोबियास ल्युटके यांनी २००४ मध्ये सोबत्यांसह बर्फावर घसरायच्या फळ्यांचे ऑनलाइन दुकान काढले. त्या वेळचे तयार सॉफ्टवेअर त्यांना पसंत पडेना, म्हणून स्वतः लिहिले. फळ्यांपेक्षा ते सॉफ्टवेअरच लोकांच्या उपयोगाचे निघाले, आणि २००६ मध्ये शॉपिफाय या नावाने इतर दुकानदारांना मिळू लागले. आता हे लक्षात घ्या की ल्युटके स्वतः प्रोग्रॅमर होते. मजुरी घरची होती. आणि तसली तयार दुकाने आज ठराविक वर्गणीवर मिळतात. ज्या कामासाठी त्यांना खपावे लागले, त्यासाठी आपण पुन्हा लाख मोजायचे कारण नाही.

मग खास काम लागते कुठे? ‘आमच्या ढेपेचे वजन कमी-जास्त असते, तयार सॉफ्टवेअर नगावर विकते,’ असे सांगितले जाते. आमच्या मते इथे सॉफ्टवेअर बदलू नये, पॅकिंग बदलावे. एक किलोचे ठराविक बॉक्स करा, प्रश्न मिटला. बॉक्स मात्र मापात घ्या. अनेक कुरिअर कंपन्या लांबी, रुंदी, उंचीचा सेंटिमीटरमधला गुणाकार भागिले ५००० असे किलो काढतात आणि प्रत्यक्ष वजनापेक्षा ते जास्त भरले तर त्यावर भाडे लावतात. ३० × २५ × २० चा बॉक्स म्हणजे ३ किलो, आत गूळ एक किलो का असेना!

खरी अडचण वेगळी आहे. चाळीस सभासदांचा माल एका नावाने विकायचा, कोणत्या ढेपा कोणाच्या हे लॉटप्रमाणे ठेवायचे, परत आलेला माल वजा करून ज्याचे त्याला पैसे द्यायचे. हा हिशेब तयार दुकानात सहसा नसतो. तेव्हा दुकान तयार घ्यावे आणि एवढे जोडकाम तेवढे करून घ्यावे. खर्चही आवाक्यात राहतो.

कायद्याचे दोन शब्द. पॅकबंद, लेबल लावलेल्या गुळावर १८ जुलै २०२२ पासून ५ टक्के जीएसटी आहे, आणि असा माल परराज्यात पाठवायचा तर उलाढाल कितीही लहान असो, नोंदणी लागते. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निकाल महिन्याच्या आत द्यायचा. म्हणजे फोन उचलणारा माणूस आधी नेमा.

करार करताना वेबसाइटचे नाव संस्थेच्याच नावाने नोंदवा. करून देणाऱ्याच्या नावाने असले तर उद्या तो दुकान बंद करून गेला की तुमचीही पाटी उतरते. जोडकामाचा मूळ प्रोग्रॅम, गिऱ्हाइकांची यादी आणि पासवर्ड संस्थेच्या ताब्यात हवेत, आणि शेवटचा हप्ता ते मिळाल्यावरच द्यावा. दिवाळीची विक्री धरायची असेल तर दुकान श्रावणातच सुरू करून पन्नास-साठ ऑर्डरी ओळखीपाळखीच्यांकडून टाकून घ्या, त्यातल्या पाच-सहा मुद्दाम परत करायला लावा आणि पैसे माघारी जातात का ते पाहा.