निकाल वाचताना (लेखांक ७) : बंगालच्या पंचायती आधी बोलल्या

मागच्या आठवड्यात आपण राज्य निवडणूक आयोगाचे काम पाहिले. आता मूळ प्रश्न : गावच्या निकालावरून राज्याचा कल ओळखता येतो का? त्यासाठी पश्चिम बंगालकडे जावे. तिथे १९७८ पासून ग्रामपंचायतसुद्धा पक्षाच्या चिन्हावर लढवली जाते. आपल्याकडे गावात पॅनेल उभे राहते, चिन्ह पक्षाचे नसते. मग निकालानंतर एकाच सरपंचावर दोन पक्ष हक्क सांगतात. बंगालमध्ये मत कोणाला पडले हे उघड असते.

मे २००८. डाव्या आघाडीची सत्ता एकतीस वर्षांची होत आली होती आणि दोनच वर्षांपूर्वी विधानसभेच्या २९४ पैकी २३५ जागा तिने जिंकल्या होत्या. पंचायत निवडणुकीतही सतरापैकी तेरा जिल्हा परिषदा तिच्याकडेच राहिल्या. बेरीज पाहणाऱ्याला यात काळजीचे काही दिसले नसते. पण हातच्या गेलेल्या जिल्ह्यांची नावे पाहा. मालदा आणि उत्तर दिनाजपूर काँग्रेसकडे गेले, तिथे काँग्रेस जुनीच. पूर्व मेदिनीपूर आणि दक्षिण चोवीस परगणा मात्र तृणमूलने घेतले. नंदीग्राम पूर्व मेदिनीपुरात आहे. रासायनिक उद्योगांसाठी जमीन जाणार म्हणून तिथला शेतकरी पेटला होता आणि १४ मार्च २००७ रोजी पोलिसांच्या गोळीबारात चौदा जण गेले.

डाव्यांचे बळ गावात होते, आणि ते जमिनीतूनच आलेले. बटाईने कसणाऱ्यांची नावे त्यांनी सरकारदप्तरी नोंदवली, त्यांना हुसकावून लावणे अवघड केले. तेच सरकार जमीन मागायला आले, तेव्हा आधार देणारी माणसेच दुरावली. माझ्या मते २०११ चा निकाल इथेच ठरू लागला. २००९ च्या लोकसभेत डाव्यांना ४२ पैकी १५ जागा मिळाल्या, २०१० मध्ये कोलकाता महापालिका गेली, २०११ मध्ये राज्य.

दुसरा धडा २०१८ चा, आणि तो अधिक अस्वस्थ करणारा. त्या पंचायत निवडणुकीत सुमारे ३४ टक्के जागा बिनविरोध झाल्या. बिनविरोध म्हटले की आपल्याला गावचा समजूतदारपणा आठवतो. इथे मात्र विरोधकांना अर्जच भरू दिले नाहीत, अशा तक्रारी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या. न्यायालयाने निवडणूक रद्द केली नाही. कागदावर तृणमूलचा विजय प्रचंड होता. वर्षभरात लोकसभेचे मतदान झाले आणि २०१४ मध्ये दोन जागा असलेला भाजप अठरावर पोहोचला. जिथे मतदानच झाले नाही, तिथला कल कोणत्याही बेरजेत दिसत नाही. म्हणून स्थानिक निकाल हाती आला की मी आधी बिनविरोध जागा मोजतो, मग विजयी जागा.

त्या नाराजीतून २०२१ मध्ये सत्तांतर झाले नाही. तृणमूलने दोनशेहून अधिक जागा राखल्या. बदलला तो विरोधी पक्ष. भाजपचे ७७ आमदार आले आणि डाव्या आघाडीचा एकही नाही.